घड्याळाचा स्टीलचा पट्टा मनगटाला नीट बसवताना

नवं घड्याळ हातात आलं की त्याचा स्टीलचा पट्टा बहुधा सैलच असतो. जाड मनगटालाही पुरावा म्हणून तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो. जास्तीच्या कड्या काढता येतात, कमी पडलेल्या आणायच्या कुठून? पण तसाच सैल वापरला तर डायल सारखी मनगटाच्या कडेला घसरते, चावी हाताच्या पाठीला टोचत राहते आणि लॉक टेबलाच्या कडेवर घासून ओरखडे पडतात. घट्ट झाला तर त्रास वेगळा: संध्याकाळपर्यंत कातडीवर कड्यांचे वळ उमटतात.

हे काम घरी होतं. मी माझी आणि घरातल्यांची घड्याळं घरीच बसवते. हातोडी मारणं हा त्यातला सगळ्यांत सोपा भाग आहे. पट्ट्यात कोणत्या जातीची पिन आहे हे ओळखणं आणि नेमकं किती कमी करायचं हे ठरवणं, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. म्हणून खाली त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

१. बसायला कसं हवं ते आधी ठरवा

लॉक बंद केल्यावर त्याच्याखाली करंगळीचं टोक जेमतेम सरकलं पाहिजे. हात खाली सोडून हलवला तर घड्याळ थोडं हललं तरी चालेल, पण मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर येतं ते ओलांडून तळहाताकडे जाऊ नये. मग मूठ वळून पाहा, तळहात टेबलावर टेकवून वजन टाकून पाहा. दोन्ही वेळा पट्टा रुतता कामा नये.

मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उन्हात, भरभर चालल्यावर, व्यायामानंतर ते फुगतं. थंडीत आणि सकाळी उठल्याउठल्या बारीक असतं. गार हातावर माप घेऊन कड्या काढल्या की तोच पट्टा दुपारी आवळतो. माप घ्यायचं ते हात गरम असताना, थोडं चालून आल्यावर. घड्याळ जड आणि जाडजूड असेल तर ते किंचित घट्टच बरं, कारण सैल पट्ट्यात जड डोकं, म्हणजे डायलचा मुख्य भाग, लगेच एका बाजूला लवंडतं.

२. कड्यांना हात लावण्याआधी लॉक बघा

पट्ट्याची दोन टोकं जिथे मिटतात त्या लॉकच्या बाजूच्या पत्र्यावर एका ओळीत बारीक भोकं दिसतात का? बहुतेक घडीच्या लॉकांना ती असतात. त्यांतल्या एका भोकात स्प्रिंग बार बसलेला असतो, म्हणजे दोन्ही टोकं आत दबणारी बारीक कांडी. तो एक भोक पुढे-मागे सरकवला की पट्टा दोन-तीन मिलिमीटरने कमी-जास्त होतो. कडी मात्र साधारण आठ ते दहा मिलिमीटरची असते. थोडासाच सैलपणा असेल तर कडी काढायची गरजच पडत नाही.

सरकवायची पद्धत अशी. बारीक टोकाच्या हत्याराने किंवा टूथपिकने भोकातून कांडीचं एक टोक आत दाबा, त्या बाजूने पट्टा किंचित तिरका ओढा, मग दुसरं टोक सोडवा. हव्या त्या भोकाशी आणा आणि दोन्ही टोकं ‘टक’ करून बसेपर्यंत हलवा. हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा. स्प्रिंग बार उडाला तर डोळ्याकडेही येऊ शकतो, आणि जमिनीवर पडला की सापडणं मुश्कील. इथली नेहमीची गफलत म्हणजे एका बाजूचं टोक तिसऱ्या भोकात आणि दुसऱ्या बाजूचं चौथ्या भोकात बसणं. मग पट्टा तिरका ओढला जातो आणि कांडी वाकते. दोन्ही बाजूंची भोकं बोटाने मोजून घ्या.

आता माझा आग्रहाचा सल्ला: कड्या मोजण्याआधी स्प्रिंग बार मधल्या भोकात आणून ठेवा. कड्या काढून झाल्यावर दोन्ही दिशांना जागा उरते. उन्हाळ्यात एक भोक सैल, थंडीत एक भोक घट्ट. शेवटच्या भोकात ठेवून कड्या काढल्यात तर ही सोय गेली.

काही लॉकांमध्ये हत्याराशिवाय सरकवायची सोय असते. रोलेक्सचा ग्लाइडलॉक साधारण दोन मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकतो, ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच टप्प्यांत मिळून आठ मिलिमीटरचा फरक करता येतो. अशा लॉकचंही तेच: माप घेताना ते मधे ठेवा. दोन्ही बाजूंना पंखांसारखं उघडणाऱ्या बटरफ्लाय लॉकला सहसा भोकं नसतात. तिथे बारीक फरक अर्ध्या लांबीच्या कडीनेच साधतो. ती तुमच्या पट्ट्यात आहे का, ते पाहा.

३. पिन कोणत्या जातीची ते ओळखा

घाई करायची नाही ती इथे. पट्टा उलटा करून आतली बाजू चांगल्या उजेडात पाहा. भिंग नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून. लॉकजवळच्या काही कड्यांवर छोटे बाण कोरलेले असतील, तर त्या कड्या दाबून काढायच्या पिनांच्या आहेत आणि बाण सांगतो ती पिन बाहेर ढकलायची दिशा. बाण नसलेल्या पलीकडच्या कड्या बहुधा कायमच्या जोडलेल्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दाबून काढायच्या पिनांचे मुख्य प्रकार दोन. पहिली स्प्लिट पिन: तार दुमडून केल्यासारखी, एक टोक अखंड गोल आणि दुसऱ्या टोकाला मधोमध चीर. चिरलेलं टोक किंचित फाकलेलं असतं, त्यामुळे ती स्वतःच भोकात धरून राहते. दुसरी साधी गुळगुळीत पिन आणि तिला धरून ठेवणारी छोटीशी नळी, म्हणजे कॉलर. सेइकोच्या पुष्कळ पट्ट्यांत हीच रचना असते. इथे पिन नुसती सरळ कांडी. पकड सगळी कॉलरची.

तिसरा प्रकार स्क्रूचा. कडीच्या एका कडेला सरळ, स्वच्छ खाच असलेलं गोल डोकं दिसतं आणि आतल्या बाजूला सहसा बाण नसतो. इथे एक सापळा आहे. स्प्लिट पिनेची चीरही बाहेरून खाचेसारखी दिसते, आणि काही पट्ट्यांत तर दाबायच्या पिनांनाच शोभेची खाच पाडलेली असते. आत बाण असेल तर खाच दिसली तरी स्क्रूड्रायव्हर लावू नका. आणि बाण नसताना खाच दिसली तर ठोकू नका. स्क्रूवर ठोकलं की आटे जातात, आणि त्यांची दुरुस्ती घरी होत नाही.

जाळीच्या, म्हणजे मिलानीज पट्ट्याला पिन काढायची नसतेच. लॉकच्या मागची पट्टी चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचलायची, लॉक जाळीवर सरकवायचं आणि पट्टी परत दाबायची. ॲपल वॉचच्या लिंक ब्रेसलेटमध्ये कडीच्या आतच बटण असतं, ते दाबलं की कडी सुटते. हे दोन पट्टे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी पुढची हत्यारं गोळा करायची गरज नाही.

४. लागणारं सामान

- पिन ढकलायचं पंच, ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचं. ते पिनेपेक्षा किंचित बारीक हवं. जाड असलं तर कडीचं भोक फाकतं.
- पट्टा उभा धरायचा खाचांचा ठोकळा, प्लॅस्टिकचा किंवा धातूचा. पेच फिरवून पिन ढकलणारं छोटं यंत्रही मिळतं, पण त्याची सुई वाकते आणि घट्ट पिनेला ते पुरत नाही.
- पितळी किंवा नायलॉन डोक्याची छोटी हातोडी.
- लांब नाकाची पक्कड आणि चिमटा.
- एका बाजूला दुबेळकं आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेलं स्प्रिंग बारचं हत्यार.
- स्क्रूचा पट्टा असेल तर खाचेत तंतोतंत बसणारा बारीक स्क्रूड्रायव्हर. १ ते १.६ मिलिमीटरचा संच पुरतो.
- कागदी चिकटपट्टी, कडा असलेलं ताट आणि त्यात अंथरायला पांढरं कापड.
- जुना मऊ ब्रश, साबण.
- स्क्रूसाठी कमी ताकदीचा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू आपोआप ढिला होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचा चिकट द्रव, उदाहरणार्थ जांभळा लॉकटाइट २२२. लाल, जास्त ताकदीचा अजिबात नको. पुढच्या वेळी स्क्रू उघडणार नाही.

वापरलेला पट्टा असेल तर काम करण्याआधी तो घासून धुवा. घाम, साबण आणि धूळ यांचा काळा थर पिनेभोवती घट्ट बसतो, आणि निम्म्या ‘अडकलेल्या’ पिना त्यामुळेच अडकलेल्या असतात. घड्याळ पाण्याला टिकणारं नसेल तर पट्टा डोक्यापासून वेगळा करून धुवा, नाहीतर नुसत्या ओल्या ब्रशने पुसा. मग तो पूर्ण वाळू द्या.

५. किती कड्या, आणि कुठल्या बाजूच्या?

घड्याळ हातात घाला, लॉक बंद करा, डायल मनगटावर मधोमध आणा. खालच्या बाजूला जो सैल भाग लोंबतो तो दोन बोटांत चिमटीने धरा, इतका की घड्याळ हवं तसं बसेल. चिमटीत दुमडून आलेल्या कड्या म्हणजे काढायच्या कड्या. जी संख्या येईल तिच्यातून एक वजा करून सुरुवात करा. लागलीच तर आणखी एक काढता येते, आणि बऱ्याचदा उरलेला फरक लॉकच्या भोकांत निघतो.

दोन काढायच्या असतील तर प्रत्येक बाजूची एक, चार असतील तर दोन-दोन. संख्या विषम आली तर जास्तीची कडी शक्यतो डायलवरच्या ६ च्या बाजूची काढा. पण शेवटचा निर्णय लॉकच्या जागेवर ठेवा: हात उलटा केल्यावर लॉक मनगटाच्या खाली मधोमध यायला हवं. ते अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे सरकलं असेल, तर एक कडी एका बाजूची दुसऱ्या बाजूला लावा. डायल सारखी एकाच दिशेला कलंडत असेल तर कारण बहुतेक हेच निघतं, आणि लोक उगाच पट्टा घट्ट करत बसतात. बटरफ्लाय लॉकच्या पट्ट्यात दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या ठेवा.

६. कडी काढणं

काढायच्या कडीच्या दोन्ही बाजूंच्या पिना निघतात, हे लक्षात ठेवा. आधी घड्याळाच्या डोक्याला आणि पट्ट्याच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावा. पट्टा ठोकळ्यात असा उभा करा की बाणांची टोकं खाली जमिनीकडे येतील. पंच पिनेवर अगदी सरळ ठेवा आणि हलके, छोटे ठोके द्या. पिन दोन-तीन मिलिमीटर बाहेर आली की उरलेली पक्कडने सरळ ओढून काढा, पिळून नव्हे.

चार-पाच ठोक्यांत पिन तसूभरही हलली नाही तर जोर वाढवू नका. बाणाची दिशा पुन्हा पाहा, पंच सरळ आहे का पाहा. दोन्ही बरोबर असेल तर पिनेवर हलक्या तेलाचा एक थेंब सोडा, थोडा वेळ थांबा, मग पुन्हा. हे तेल जोडणीआधी पुसून टाकायचं.

कॉलरच्या पट्ट्यात पिन बाहेर ओढताना नजर ताटावर ठेवा. कॉलर ही मिलिमीटरभर रुंदीची, राखाडी नळी. पिन निघाली की ती मधल्या कडीतून आवाज न करता घरंगळते, किंवा कडीतच राहते आणि नंतर उचलताना पडते. पांढरं कापड याचसाठी. ती कोणत्या भोकात, मधल्या कडीत की बाजूच्या, बसली होती ते पाहून फोटो काढून ठेवा. काही पट्ट्यांत ती पिनेवरच अडकून बाहेर येते. कॉलर हरवून नुसती पिन बसवली, तर पिन आत सहज जाते आणि सगळं झाल्यासारखं वाटतं. मग एके दिवशी चालताचालता ती बाहेर येते आणि घड्याळ हातातून सुटतं.

स्क्रूच्या पट्ट्यात बहुधा कारखान्यातच थ्रेडलॉकर लावलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा स्क्रू फिरतच नाही. घड्याळाचं डोकं जाड कापडात गुंडाळा आणि नुसत्या त्या कडीवर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडा. डोकं तापू द्यायचं नाही. बॅटरी, आतलं तेल आणि पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, तिघांनाही उष्णता वाईट. मग स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवा. पातं खाचेपेक्षा अरुंद असेल तर खाचेच्या कडा खाल्ल्या जातात, आणि पुढे तो स्क्रू कोणालाच काढता येत नाही. दोन्ही टोकांना खाचा असतील तर दोन स्क्रूड्रायव्हर लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला.

७. परत जोडणं

काढताना बाणाच्या दिशेने, बसवताना बाणाच्या उलट. पिन बाणाच्या टोकाकडून आत जाते. स्प्लिट पिनेचं अखंड टोक आधी, चिरलेलं शेवटी. उलटं घातलं तर फाकलेलं टोक सगळ्या भोकांतून घासत जातं, पिन मधेच अडते आणि वाकते.

कड्या एका रेषेत आणून पिन आधी बोटाने जितकी जाईल तितकी ढकला. निम्म्याहून जास्त बोटाने जायला हवी. जात नसेल तर कड्या सरळ नाहीत, ठोकू नका. शेवटचा भाग हलक्या ठोक्यांनी बसवा. कॉलरच्या पट्ट्यात कॉलर जागेवर ठेवून मगच पिन घाला. पिन कॉलरमध्ये शिरते तिथे अडथळा स्पष्ट जाणवला पाहिजे. तो जाणवलाच नाही आणि पिन सैलपणे पार गेली, तर कॉलर जागेवर नाही किंवा वापरून ढिली झाली आहे. ढिली असेल तर काढलेल्या कडीतली दुसरी वापरा.

पिन पूर्ण बसत आली की ठोक्याचा आवाज बदलतो. आधीचा बोदा आवाज जाऊन टणक येतो. तिथे थांबा. स्क्रू असेल तर आट्यांवर टाचणीच्या टोकाएवढाच थ्रेडलॉकर लावा, आधी बोटाने फिरवून आटे जुळल्याची खात्री करा आणि मग आवळा. सांडलेला लगेच पुसा, नाहीतर कडीची हालचाल अडते. रात्रभर सुकू द्या.

८. घालण्याआधी तपासा

पट्ट्याच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. पिनेचं टोक कडीच्या पृष्ठभागाबरोबर किंवा किंचित आत हवं. नख अडलं तर पिन बाहेर आहे. जोडलेली प्रत्येक कडी दोन्ही दिशांना मोडून पाहा, ती शेजारच्या कड्यांइतकीच मोकळी हलली पाहिजे. मग उशीवर धरून पट्टा दोन्ही हातांनी बऱ्यापैकी ओढा. लॉक दहा-बारा वेळा उघडबंद करा.

एक दिवस घालून संध्याकाळी पुन्हा नख फिरवा. नीट न बसलेली पिन बहुतेक याच काळात हळूहळू बाहेर सरकते. मनगटावर वळ दिसले तर एक भोक सैल करा, डायल कलंडली तर लॉकची जागा पाहा. कडी पुन्हा काढायचा किंवा लावायचा निर्णय दोन-तीन दिवस वापरल्यावरच घ्या.

काढलेल्या कड्या, पिना आणि कॉलर एका छोट्या पिशवीत घालून वर घड्याळाचं नाव लिहा. वजन बदललं की मनगट बदलतं. त्याच मॉडेलची कडी नंतर मिळणं कठीण असतं आणि दुसऱ्या मॉडेलची कडी दिसायला सारखी असली तरी बसत नाही. घड्याळ विकायचं झालं तरी घेणारा आधी याच कड्या विचारतो.

९. कधी हात लावू नये

सिरॅमिकच्या पट्ट्यावर हातोडी नको, कडी तडकते. सोन्याचा पट्टा मऊ असतो, पंच जरा निसटला की खोल ओरखडा पडतो. जुन्या घड्याळांचे पत्रा दुमडून केलेले पोकळ कड्यांचे पट्टेही ठोकायचे नसतात. त्यांची पानं उघडून मिटावी लागतात आणि एक-दोनदा उघडली की तुटतात. ताणले जाणारे स्प्रिंगचे पट्टेही याच वर्गातले, त्यांच्या आतल्या बारीक पत्र्यांना सवयीचा हात लागतो. टायटॅनियम घरी करता येतं, पण त्याच्या स्क्रूचे आटे एकमेकांत धरतात, म्हणून स्क्रू अडला की तिथेच थांबा.

अशी घड्याळं घड्याळजीकडे द्या. देताना घड्याळ हातात घालूनच माप दाखवा, लॉक मधल्या भोकात ठेवून कड्या काढायला सांगा, आणि काढलेल्या कड्या पिनांसकट मागून घ्या.